हेसलकूमचे दफ्तरदार

चहाचा ट्रे समोर आला की कोर्लेकरकाका बिनसाखरेचा चहा घेत आणि साखरेचे दोन चौकोनी खडे उचलून कोटाच्या उजव्या खिशात टाकत. चोरून नाही, अगदी सगळ्यांदेखत. मी त्यांची डॉक्टर होते आणि त्यांच्या लघवीत साखर सापडली होती, त्यामुळे ते खडे बघून माझं डोकं फिरायचं. मी रागावले की ते शांतपणे म्हणायचे, "मी खात नाही हो, डॉक्टरीणबाई." मग खिशात कशाला? त्यावर ते चहाचा घोट घ्यायचे. माझा स्वभाव मुळातला फटकळ, त्यात सदाशिव पेठेत वाढलेला. ही लबाडी आज ना उद्या पकडायची असं मी ठरवून टाकलं होतं.

त्यांची ओळख त्यांच्या बायकोमुळे झाली. साठच्या दशकाच्या मध्यावर आम्ही ब्रिस्टलला होतो. नवरा विमानाच्या कारखान्यात इंजिनियर आणि मी गावाबाहेरच्या एका हॉस्पिटलात, म्हाताऱ्यांच्या वॉर्डात. इंग्रज डॉक्टरांना जे वॉर्ड नको असत ते आमच्या वाट्याला येत. एका सकाळी राउंड घेताना कोपऱ्यातल्या कॉटवरून आवाज आला, "अगं आई गं, हाडं मोडली माझी." माझ्या हातातला चार्ट पडायचाच बाकी होता. चार्टवर नाव होतं, मिसेस रिबेका कोर्लेकर. गोरीपान, घारी, केसांना रुमाल बांधलेली बाई. मी मराठीत विचारलं, "कुठे दुखतंय?" तर तिने माझा हात धरला तो सोडेचना. "पोरी, तू कुणाची?" असं विचारून ती रडायला लागली, आणि खरं सांगायचं तर मीही.

ही मंडळी बेने इस्रायली, म्हणजे आपले कोकणातले मराठी ज्यू. काका मुंबईला सरकारी दफ्तरखान्यात जुन्या कागदांवर होते. मोडी वाचण्यात त्यांचा हातखंडा. भाऊबंद बहुतेक इस्रायलला गेले, हे दोघं मात्र एका पुतण्याच्या भरवशावर लंडनला आले, आणि पुतण्या पुढे कॅनडाला निघून गेला. लंडनमध्ये तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, पाणी तळमजल्यावर, भिंतींना ओल. काकूंच्या छातीचं दुखणं तिथलंच. जिना चढताना त्या दर मजल्यावर बसायच्या आणि काका दोन पायऱ्या खाली, बादली घेऊन उभे राहायचे. काकू म्हणायच्या, "मला मरण आलं तर चालेल, जिना नको."

जिन्यातून त्यांची सुटका केली ती हेसलकूमच्या अर्लनी. अर्ल म्हणजे आपल्याकडे सरदार म्हणतो तसला वंशपरंपरेचा किताब. ब्रिस्टलपासून तासाभरावर त्यांची जुनी कोठी होती, साठ-सत्तर खोल्यांची, आणि एका खोलीत चारशे वर्षांची कागदपत्रं पेट्यांतून कोंबलेली. त्यांतल्या एका पेटीत मोडी कागद निघाले. ते वाचणारा माणूस इंग्लंडात कुठून मिळणार, म्हणून पेपरात जाहिरात आली आणि काकांनी अर्ज केला. काम होतं सगळ्या कागदांची सूची करायचं. कामाबरोबर राहायला फाटकाजवळचं बैठं, दोन खोल्यांचं दगडी घर. घराची अट साधी होती, सूची पुरी होईपर्यंत.

मी पहिल्यांदा त्या घरी गेले तेव्हा काकूंनी गव्हाच्या चिकाचा हलवा केला होता, नारळाचं दूध कुठूनतरी पैदा करून. घरात स्वयंपाकाच्या शेगडीची ऊब होती, आणि काकू या खोलीतून त्या खोलीत उगाचच फिरून दाखवत होत्या. एक पायरी नाही की उंबरा नाही. "बघ, धापसुद्धा लागत नाही," त्या म्हणाल्या. खरं म्हणजे लागत होती, पण तिथे डॉक्टरकी करायचं माझ्या जिवावर आलं.

काका तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. अंगात अर्लसाहेबांचा जुना ट्वीडचा कोट, बाह्या दुमडून आत शिवलेल्या. हाताला जुन्या कागदांचा वास. बोलणं कमी आणि एक सवय जबरदस्त, कुणी काही सांगितलं की विचारायचे, "कागद आहे का?" माझ्या नवऱ्याला बढती मिळणार आहे म्हटलं, तर कागद आहे का. उद्या बर्फ पडणार आहे, तर कागद आहे का. काकू एकदा वैतागून म्हणाल्या, "आपलं लग्न झालं त्याचा तरी आहे का?" तर हे उठून आतून घेऊनच आले.

सूचीचं काम त्यांनी मुंबईच्या पद्धतीने चालवलं होतं. आपल्याकडे दफ्तरात कागदांचे गठ्ठे कापडात बांधतात, त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. हेसलकूमला कापड काकूंनी पुरवलं, कोठीतले उतरलेले लाल पडदे फाडून. त्यात सोळाव्या शतकातल्या इंग्रजी जमिनींची खतपत्रं बांधून, वर चिठ्ठी लावून, काका ती फळीवर मांडत. एकदा कुठल्यातरी विद्यापीठातला तरुण अभ्यासक आला आणि ती रांग बघून चक्रावला. काकांनी त्याला गाठ कशी मारायची ते शिकवलं, आणि जाताना त्याच्याकडून तीनदा मारून घेतली.

त्या घराण्याबद्दल ते बोलत ते शेजाऱ्यापाजाऱ्यांबद्दल बोलावं तसं. पहिला अर्ल राजाच्या मर्जीतला. राजाने मठ मोडले तेव्हा साधूंची जमीन याने लाटली, नि साधूंचं छप्पर काढून स्वतःच्या घरावर घातलं. दुसऱ्याने गावाचं गायरान कुंपण घालून आत घेतलं. चौथ्याला खिडकीतून तळं दिसावं अशी हौस, मध्ये एक खेडं येत होतं, ते त्याने उठवलं. पाचव्याचे वेस्ट इंडीजमध्ये उसाचे मळे, आणि मळ्यात राबणारी माणसं विकत आणलेली. "सगळ्याचा कागद आहे," काका म्हणायचे. "मोठी शिस्तीची माणसं. काहीही घेतलं तरी लिहून ठेवायची."

आमच्या वेळचे अर्ल हे या रांगेतले शेवटचे. मूलबाळ नाही, बायको वारलेली, एका पायाने लंगडत. साठ खोल्यांपैकी दोनच गरम ठेवणं परवडे, त्यात ते राहत. बाकी घरात बादल्या, कुठे गळतंय ते त्यांना पाठ. बाप गेला तेव्हा मृत्युकरात निम्मी शेतं गेली होती. उरलेली इस्टेट त्यांच्या नावावर होती, पण पूर्वजांनी असं करून ठेवलं होतं की ट्रस्टींच्या सहीशिवाय त्यांना खुर्चीसुद्धा विकता येत नसे. "मी इथला मालक नाही, डॉक्टर. मी इथला कैदी आहे," ते मला एकदा म्हणाले, आणि मग पाहुण्याशी फार बोललो असं वाटून माझ्यासाठी दार उघडायला लगबगीने पुढे गेले.

घर चालावं म्हणून उन्हाळ्यात कोठी लोकांना बघायला खुली असे. महिन्यातल्या पहिल्या रविवारी दुपारी तीन वाजता लायब्ररीत खास कार्यक्रम असायचा. काकू मला कधीपासून म्हणत होत्या, "एकदा ये, हे वाचतात कसे ते बघ. मला कोठीपर्यंत चालवत नाही." म्हणून मी एका रविवारी गेले. वीस-पंचवीस माणसं, बहुतेक म्हातारी जोडपी, एखादी शाळेची मास्तरीण. लायब्ररीच्या मधोमध काचेचं कपाट आणि त्यात रुप्याचा लहानसा देव्हारा.

मी काचेला नाकच लावलं. देव आपल्या घरातले. अन्नपूर्णा होती, खंडोबाचा टाक होता, पितळेचा रांगता बाळकृष्ण होता. पण रांगतं मूल कोठीतल्या लोकांना पडल्यासारखं वाटलं असावं. त्यांनी त्याला उभं केलं होतं आणि पडू नये म्हणून कमरेला तार गुंडाळून मागच्या खुंटीला बांधलं होतं. लोण्याचा गोळा धरलेला हात वर छताकडे. खाली छापील लेबल होतं. त्यावर लिहिलं होतं की या घराण्यातल्या कॅप्टनने दख्खनमध्ये एका विधवेचं घर लुटारूंपासून वाचवलं, म्हणून तिने कृतज्ञतेने आपले कुलदैवत त्याला भेट दिले.

अर्लसाहेब उभे राहिले आणि म्हणाले, "आता आमचे मिस्टर कोर्लेकर त्या बाईचं पत्र तिच्याच भाषेत वाचतील." काका पुढे आले. त्यांनी मला पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग जुना, पिवळा, एकही जागा न सोडता लिहिलेला कागद हातात धरून दफ्तरी चालीत वाचायला लागले:

"श्री. राजश्री कप्तान साहेब यांसी यशोदाबाई यांचे विनंती विशेष. काशीयात्रेस जातेसमयी घरचे देव देव्हाऱ्यासुद्धा आपणापाशी ठेवून गेलो. यात्रा करून आलो त्यास सहा मास झाले. दोन पत्रे पाठविली, उत्तर आले नाही. हे तिसरे. घरात चूल पेटते, तिचा नैवेद्य कोणास दाखवावा? देव उपाशी आहेत. आपण थोर आहां. आमचे देव पाठवून द्यावे. बहुत काय लिहिणे."

कागद खाली झाला. मग काकांनी स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, की यशोदाबाई लिहितात, आपण माझं घर वाचवलंत, माझ्या मुलांचे प्राण वाचवलेत, या उपकारांची फेड कशाने करू, माझ्याकडे जे सर्वांत मोलाचं आहे ते आपल्याला पाठवत आहे. म्हाताऱ्या बायकांनी उसासे सोडले. टाळ्या झाल्या. अर्लसाहेबांचा चेहरा असा उजळला होता की बघवत नव्हतं. त्या सगळ्या घोळक्यात पहिलं ऐकलेलं समजणारी मी एकटी होते, आणि माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या.

चहाच्या वेळी मी काकांना खिडकीपाशी गाठलं. ते साखरेचे खडे खिशात टाकत होते. मी एवढंच म्हटलं, "काका, हे काय?" ते म्हणाले, "घरी चला. हिच्यासमोर नको, परसात बोलू."

परसात कोबीच्या वाफ्याशी उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. मुलाखतीच्या दिवशी अर्लसाहेबांनी परीक्षा म्हणून हेच पत्र हातात दिलं होतं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं. वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं की लेबल खोटं आहे. साहेबांनी विचारलं, लेबलावर आहे तसंच आहे ना? "लंडनला ही जिन्यात बसलेली होती," काका म्हणाले. "मी हो म्हटलं. एक शब्द, डॉक्टरीणबाई. बाकी सगळं त्याच्या मागून आलं." साहेबांना मग सगळं पत्र इंग्रजीत हवं झालं. मग ते पाहुण्यांना ऐकवायचं झालं. "दरवर्षी मला त्या बाईला आणखी आणखी कृतज्ञ करावं लागतं. पण मराठीत मी एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. दर वेळी पुरं वाचतो. ऐकणारं कुणी नसतं, पण वाचतो."

मी विचारलं, आता सांगून का टाकत नाही? अर्लसाहेब भला माणूस आहे. त्यावर त्यांनी मला साहेबांचं एक वाक्य ऐकवलं. एका संध्याकाळी पेट्या आवरताना ते काकांना म्हणाले होते, की चारशे वर्षांत आमच्या घराण्याने जे मिळवलं ते सगळं घेतलेलं आहे. कुणीतरी आपणहून, प्रेमाने दिलेलं असं एकच आहे, आणि रात्री झोप यावी म्हणून मला ते पुरतं. "आता सांगा," काका म्हणाले. "मी त्याच्याकडून ते काढून घेऊ? आणि घेतलं, तर हिला घेऊन कुठे जाऊ?"

 दुसऱ्याला सल्ले देण्यात मी कधी कमी पडत नाही, पण त्या दिवशी कोबी बघत उभी राहिले.

त्यानंतर मला एक गोष्ट दिसायला लागली, जी आधी दिसली नव्हती. बाकीची सूची पुरी झाली होती. मोडी कागदांच्या पेटीचा तेवढा शेवटचा रुमाल राहिला होता, आणि तो वर्षानुवर्षं राहतच होता. काका तो सोडायचे, कागद वाऱ्याला लावायचे, पुन्हा बांधायचे. रुमाल संपला की सूची संपली, सूची संपली की घर गेलं. आणि सूचीत लिहायचं तर त्या पत्राचा गोषवारा लिहावा लागणार. बोलण्यात खोटं खपवलं, पण सूचीत खोटं लिहिणं हे या माणसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. अशा दोन गाठींच्या मध्ये ते दहा वर्षं बसून होते. मीसुद्धा गप्प राहून त्यातच अडकले. हेसलकूमहून परतताना बसमध्ये मला दर वेळी स्वतःचाच राग यायचा.

मधल्या काळात काकांची रक्ततपासणी केली. मी तयारीतच होते, आता पुरावा मिळणार म्हणून. रिपोर्ट आला तो उत्तम. साखर खाणाऱ्याचा तो रिपोर्टच नव्हे. काकांनी तो हातात घेतला, घडी घातली, खिशात ठेवला आणि म्हणाले, "कागद आहे." बरेच दिवस ते माझ्याकडे बघून नुसतं एवढंच म्हणायचे आणि काकू पदरात तोंड लपवून हसायच्या.

सत्तरचं दशक लागलं तसं काकूंचं हृदय थकत गेलं. शेवटचे पंधरा दिवस त्या माझ्याच वॉर्डात होत्या. खिडकीजवळची कॉट दिली तर म्हणाल्या, "इथून आमचं घर कुठल्या बाजूला?" मी उगाचच एक दिशा दाखवली. त्या बाजूला तोंड करून त्या गेल्या. ब्रिस्टलच्या ज्यू लोकांनी दफनाच्या प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवले. अर्लसाहेब काठी टेकत आले होते, टोपी घालून, मागे उभे. मातीचं शेवटचं खोरं काकांनी घातलं आणि बराच वेळ ते हातातच धरून ठेवलं.

दीड महिन्याने काका माझ्याकडे आले. आता त्यांना घराची गरज नव्हती. इंग्रजीत पत्राचं खरं भाषांतर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून आणलं होतं, ते मला तपासायला दिलं. मी वाचलं. कुठे काना-मात्रेची चूक नव्हती. ते म्हणाले, "उद्या देतो. मग कौन्सिलला अर्ज टाकतो, कुठेही एक खोली देतील. जिना असला तरी आता काय." मला हलकं वाटलं. मी त्यांना जेवू घातलं आणि त्यांनी दोन वेळा भात मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला, या म्हणून. मी गेले तर ते दिवा न लावता बसले होते. टेबलावर लाल लाखेची मोहोर असलेला एक दस्त होता. भाषांतर घेऊन ते लायब्ररीत शिरले, तेव्हा अर्लसाहेब त्यांचीच वाट बघत होते. वकिलांशी आणि ट्रस्टींशी महिनाभर भांडून त्यांनी फाटकाजवळचं घर काकांच्या नावे करून घेतलं होतं, हयातभरासाठी. बायको गेली म्हणून तुम्ही घर सोडाल अशी मला भीती वाटली, ते म्हणाले. आणि म्हणाले, "आमच्या घराण्याला मिळालेली एकुलती एक भेट तुम्ही इतकी वर्षं मला वाचून दाखवलीत. आम्ही कधी कुणाला काही दिलं नाही. ही आमची पहिली."

काकांचं भाषांतर खिशातच राहिलं. त्यांनी तो दस्त माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "बघा. कागद आहे." आणि हमसून हमसून रडले. त्या माणसाला मी बायकोच्या दफनातही रडताना पाहिलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात वीज सारखी जायची. अर्लसाहेबांनी अंथरूण धरलं आणि हॉस्पिटलात यायला साफ नकार दिला. मी सवड काढून बघून येत असे, करण्यासारखं फारसं नव्हतं. एका दुपारी, चार वाजताच अंधारून आलं होतं, मेणबत्तीच्या उजेडात त्यांनी काकांना म्हटलं, पत्र वाचा. काका उठले, लायब्ररीतून पत्र आणलं आणि वाचलं, श्रीपासून बहुत काय लिहिणेपर्यंत. देव उपाशी आहेत, या शब्दांशी त्यांचा आवाज जरा खाली गेला.  अर्लसाहेब डोळे मिटून म्हणाले, "आता इंग्रजीत."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मनात म्हणत होते, सांगा, सांगून टाका, आणि त्याच वेळी म्हणत होते, नका सांगू. दोन्ही मीच म्हणत होते. काका खुर्ची ओढून जवळ बसले आणि हळूहळू म्हणाले, "ती लिहिते, माझे देव तुमच्या घरी सुखात आहेत. त्यांना तिथे काही कमी नाही."

म्हाताऱ्याने मान हलवली. तीन दिवसांनी ते गेले.

पत्र वाचलं त्या दुपारी आम्ही दोघं फाटकाकडे चालत निघालो. घर आलं तेव्हा काका थांबले. "आज घरासाठी नाही बोललो, डॉक्टरीणबाई," ते म्हणाले. "घर आता माझंच आहे. आज नुसतंच बोललो. आता हे कुणाच्या माथी मारू?"

पुढे कोठी लांबच्या वारसाने एका संस्थेच्या हवाली केली. संस्थेने आगीसाठी वाळूच्या बादल्या ठेवल्या, पाहुण्यांना अडवायला दोऱ्या बांधल्या, छापील मार्गदर्शिका काढली. त्यात रविवारच्या वाचनातून कुणीतरी उतरवून घेतलेलं पत्राचं तेच कृतज्ञतेचं भाषांतर होतं, आणि खाली काकांचं नाव. काकांनी रविवारचं वाचन बंद केलं, डोळ्यांचं निमित्त सांगून. संस्थेच्या लोकांकडे जाऊन त्यांनी लेबल बदलायला सांगितलं का, असं मी विचारलं. सांगितलं होतं. त्या लोकांनी नम्रपणे उत्तर दिलं, की मार्गदर्शिकेत तर तुमचंच भाषांतर आहे.

आम्ही कॉव्हेंट्रीला जायचं ठरवलं, नवऱ्याला तिथे मोटारींच्या कारखान्यात काम मिळालं. निघायच्या आधी, जूनमध्ये, मी काकांना भेटायला गेले. त्यांनी मला कागदांच्या खोलीत नेलं. फळ्यांवर लाल रुमालांची रांग, आणि टेबलावर सूची, बांधलेली. पुरी झालेली. त्यांनी शेवटचं पान उघडलं. शेवटच्या नोंदीत इंग्रजीत लिहिलं होतं: यशोदाबाईंचं कॅप्टनला पत्र, तिसरं. यात्रेला जाताना सांभाळायला ठेवलेले घरचे देव परत मागितले आहेत. आणि त्यापुढच्या रकान्यात, जिथे प्रत्येक पत्राचं उत्तर कुठल्या रुमालात आहे ते लिहायचं असतं, तिथे लिहिलं होतं, उत्तर नाही.

"हे वाचलं कुणी?" मी विचारलं.

"अजून नाही."

"आणि कुणी वाचलंच नाही तर?"

त्यांनी सूची मिटली. "माझं काम कागद जागेवर ठेवायचं," ते म्हणाले. पण हे म्हणताना त्यांचा चेहरा समाधानी नव्हता, आणि मी तो समाधानी होता असं लिहिणार नाही.

पाच वाजता पाहुणे गेले. आम्ही लायब्ररीत चहा घेतला, अर्थात दोन खडे खिशात गेले. मी निरोप घेतला, वाकून नमस्कार केला, दाराबाहेर आले आणि छत्री विसरले म्हणून परत फिरले. दार अर्धं उघडं होतं. काका काचेच्या कपाटापाशी उभे होते, किल्ली त्यांच्याकडे असायचीच. कपाट उघडं होतं. आमच्यात मूर्तीला हात लावत नाहीत, असं त्यांनी मला कितीदा सांगितलं होतं, आणि इतक्या वर्षांत ते कपाट त्यांनी कधी पुसलंही नव्हतं. आता त्यांच्या बोटांत ती तार होती. त्यांनी बाळकृष्ण खाली, त्याच्या गुडघ्यांवर, पुन्हा रांगता ठेवला, आणि खिशातून दोन खडे काढून त्याच्यापुढे ठेवले.

मी दारातच थांबले. ते हातबीत जोडत नव्हते. थोडा वेळ थांबले, मग कालचे दोन खडे कपाटाच्या कडेवरून उचलून रुमालात बांधले. पाठमोरेच राहून म्हणाले, "मी पूजा करत नाही, डॉक्टरीणबाई. बाईंनी लिहिलंय ना, उपाशी आहेत म्हणून. एवढ्या दिवसांत कुणीतरी ते वाचलं, एवढंच."

मग त्यांनी कपाट बंद केलं आणि किल्ली फिरवली.